पितळी सरदाराची सून

३ मे १६३४

माझा मुलगा जॅस्पर आज हेजबरीच्या बाजारातून आला तो घोड्यावरून उतरायच्या आधीच सांगत सुटला. राजाचे कुळतपासनीस येताहेत. आमच्या परगण्यात ते माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी आले होते, त्यानंतर आत्ताच. पुढच्या महिन्यात हेजबरीच्या 'पांढरा हरिण' खाणावळीत त्यांचा मुक्काम. जो जो माणूस घराण्याचं चिन्ह असलेली ढाल मिरवतो त्याने त्यांच्यापुढे जायचं आणि आपले बाप, आजे, पणजे मांडायचे. पटलं तर राजाच्या दप्तरात नाव चढतं. नाही पटलं तर बाजाराच्या दिवशी चौकात दवंडी पिटतात की अमका स्वतःला खानदानी म्हणवत होता तो खानदानी नाही, आणि त्याच्या ढाली जिथे असतील तिथून तासून काढतात.

"आपल्याला काय भीती?" जॅस्पर म्हणाला. "आपला सरदार झोपलाय ना चर्चमध्ये."

झोपलाय खरा. वेदीजवळच्या फरशीत, माणसाएवढा, सपाट पितळेचा. अंगात चिलखत, पायाशी कुत्रा, डोक्याशी तीन बगळ्यांची ढाल. सर गॉडफ्रे पेंटलो, फ्रान्सच्या लढाईत पडला, साल १४१५. त्याच्याच शेजारी फेब्रुवारीत आम्ही माझ्या नवऱ्याला, रॅल्फला पुरलं आणि जॅस्परने बापाच्या दगडावर तेच तीन बगळे कोरून घेतले. रॅल्फ शेवटच्या दुखण्यात दोनदा म्हणाला होता की मला साधा दगड टाका. पण तो स्वभावानेच भिडस्त होता, त्यामुळे आम्ही ते मनावर घेतलं नाही.

या सरदाराचं आणि माझं लग्नापासूनचं वाकडं आहे. मी पाणचक्कीवाल्या जोनास टिबटची मुलगी. भाकरी करपली की सासूबाई म्हणायच्या, "सरदाराच्या घरात पिठाचे पाय आले, आणखी काय होणार?" भाकरी चांगली झाली तरी म्हणायच्या, "येणारच, रक्तातच आहे." आता त्या जाऊन बरीच वर्षं झाली. पण खरं लिहायचं तर पाहुणे आले की चर्चमध्ये नेऊन सरदार दाखवायला मीच पुढे असते.

ही वही मुळात मुरंब्यांच्या कृतींची. रॅल्फ गेल्यापासून जेवणानंतर बोलायला माणूस उरला नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

९ मे

जॅस्परने मोठा चामड्याचा कागद आणलाय. त्यावर घराण्याचं झाड काढायचं. सगळ्यात खाली तो, त्याच्यावर रॅल्फ, त्याच्यावर सासरे एडमंड, त्याच्यावर थॉमस. थॉमसने हे घर बांधलं आणि तेव्हाच्या राजाने मठ मोडून विकायला काढले तेव्हा मठाचं कुरण विकत घेतलं, इथवर सगळ्यांना माहीत आहे. मग झाडाच्या शेंड्याला सरदार गॉडफ्रे. थॉमस आणि गॉडफ्रे यांच्यामध्ये हातभर कागद कोरा.

मी विचारलं, "मधली माणसं कुठे गेली?"

"असणारच ना आई ती. त्याशिवाय आपण कुठून आलो?"

टॅम्सिन चुलीपाशी कोंबडी सोलत होती. ती सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे आहे, तिच्या तोंडाला कुलूप कोणी लावू शकलं नाही. म्हणाली, "जॅस्परबाबा, म्या बी आदमाची नातच की. मधली मानसं तेवढी हुडकायची ऱ्हायलीत."

जॅस्पर हसला नाही. त्याला या कामात हसणं चालत नाही. त्याला परगण्याच्या न्यायासनावर बसायचंय, आणि तिथे बसायला ढाल लागते.

१५ मे

आज झाडात माझं नाव घालायची पाळी. जॅस्परने लेखणी बुडवली आणि विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव?" जसं काही त्याला माहीतच नाही.

"जोनास टिबट. आपल्याच मार्लस्टनचा पाणचक्कीवाला."

लेखणी 'मार्लस्टन'पर्यंत गेली आणि थांबली. म्हणाला, पुढचं सावकाश घालू, शाई पातळ झालीय.

बाबांना त्याने पाहिलं नाही, तो पोटात असतानाच ते गेले. त्यांच्या भुवया सदा पांढऱ्या असायच्या, मी लहानपणी समजे की ते फार म्हातारे आहेत. एका रविवारी धुतलेलं तोंड पाहिलं तर भुवया काळ्याभोर निघाल्या, आणि मी दुसराच माणूस समजून रडायला लागले. लोक म्हणतात चक्कीवाला आणि चोर यांची एकच आई. बाबा पीठ कमी भरावं म्हणून मापात अंगठा बुडवत नसत. मला अक्षरं त्यांनीच शिकवली. फळीवर पीठ पसरायचं आणि बोटाने काढायची, चुकलं की फुंकर मारायची. सासूबाईंना सही येत नव्हती, त्या फुली मारत. हे मी त्यांना कधी ऐकवलं नाही, पण फुली मारायच्या वेळी शेजारी जाऊन उभी मात्र राहायचे.

जॅस्परच्या भुवया अगदी बाबांच्या आहेत. त्याला सांगितलं तर आवडणार नाही.

२२ मे

सरदाराच्या पायाचा पत्रा पुन्हा सुटलाय, वरून चाललं की खडखडतो. जॅस्पर म्हणतो, कुळतपासनीस बघायला आले तर शोभणार नाही, वर काढून साफ करू आणि पक्का बसवू.

हे काम रॅल्फचं होतं. दरवर्षी मेंढ्यांची कातरणी झाली की तो एकटा जाऊन तो पाय बसवून यायचा. पाद्री क्रेन यांनी एकदा गवंडी बोलवतो म्हटलं तर हा इतका तापला की ते दोन रविवार आमच्याकडे जेवायला आले नाहीत. पूर्वजावर त्याची इतकी माया. आणि सासूबाई त्याच पूर्वजाचं नाव घेऊन मला बोलायला लागल्या की हा म्हणायचा, "आई, झोपलेल्याला झोपू दे," आणि उठून मेंढ्यांकडे जायचा. पुरुषांचं मला काही कळत नाही.

२४ मे

आजचं आजच लिहून टाकते.

दुपारी चर्चमध्ये आम्ही तिघंच होतो, जॅस्पर, पाद्री आणि मी. जॅस्परने पहारीने कडा उचकटली. मला वाटलं होतं तुकड्यातुकड्याने निघेल, पण कमरेखालचा सगळा भाग एकदम वर आला. खाली काळं डांबर होतं आणि डांबरात लोकरीचे झुबके अडकलेले. चर्चच्या फरशीत लोकर कुठून आली देव जाणे. जॅस्परने पत्रा घासण्यासाठी पालथा केला.

पाठीवर दुसराच माणूस होता. म्हणजे माणसाचा मधला भाग. पायघोळ झगा, जोडलेले हात, काखेत वाकड्या मुठीची काठी. मान होती तिथे पत्रा कापलेला, कारण तिथे सरदाराची कंबर येते. कडेने अक्षरं होती. पाद्री गुडघ्यावर बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला.

"मठाधिपती जॉन," ते म्हणाले. "मृत्यू, साल १५०८."

मग मीच विचारलं, "आणि आमचे सरदार कधी वारले म्हणायचे?"

"चौदाशे पंधरा."

"मग त्यांच्यामागून शंभर वर्षांनी मेलेल्याच्या पाठीवर ते कसे झोपले?"

पाद्रींनी चष्मा पुसला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "मठ मोडले ना, तेव्हा थडग्यांचं पितळ वजनावर विकलं जायचं. घेणारे उलट बाजूने हवं ते कोरून घ्यायचे. जुन्या तऱ्हेचं चिलखत काढायला सांगितलं की झालं. हे बहुधा थॉमस पेंटलो यांनी..."

म्हणजे थॉमसने कुरण घेतलं त्याच बाजारात एक मठाधिपती घेतला आणि त्याच्या पाठीवर स्वतःसाठी पूर्वज काढून घेतला.

मला हसू आलं. देवाच्या घरात असं हसू नये, पण मी खांबाला धरून हसत राहिले. जॅस्परचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "आई, गप्प. पाद्रीबाबा, हे आपण तिघांनीच पाहिलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पाद्रींनी वर छपराकडे पाहिलं. छप्पर तीन ठिकाणी गळतं आणि जॅस्परने त्यासाठी शिशाचे पत्रे द्यायचं कबूल केलंय. ते म्हणाले, "मला अलीकडे नीट दिसत नाही."

सरदाराला पुन्हा उताणा निजवला आणि आम्ही घरी आलो.

२५ मे

टॅम्सिनला सांगितलं. राहवलंच नाही. ती पीठ मळायची थांबली.

"म्हंजी थोरल्या बाईसाहेब जल्मभर तुमास्नी भंगारावरनं बोलल्या?"

"भंगारावरून."

"बडा घर पोकळ वासा," ती म्हणाली. "अन् आता ह्ये पितळ उघडं पाडनार व्हय तुमी?"

नाही पाडणार. दिवसभर विचार केला. सकाळी सासूबाईंच्या थडग्यापाशी जाऊन आले, तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं, "ऐकलंत का?" बरं वाटलं. पण दुपारनंतर तेही ओसरलं. पेंटलोंची ढाल गेली तर रॅल्फच्या दगडावरचे बगळेही जातील, छिन्नी मारतील तिथे. माझ्या माणसाच्या उशाशी कोणी छिन्नी मारलेली मला सोसणार नाही. शिवाय जॅस्पर माझा एकुलता एक. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

असो. त्यांचा पूर्वज, त्यांचं ते बघतील.

३ जून

झाड तयार झालं. जॅस्परने हेजबरीहून रंगवून आणलं, सोनेरी पानं, हिरवी फांदी. तो घोड्याला पाणी पाजायला गेला तेव्हा मी माझं नाव शोधलं. सापडलं. 'डॉर्कस, मार्लस्टनचे खानदानी गृहस्थ जोनास टिबट यांची कन्या.'

तो आत आला. मी कागदावर बोट ठेवून उभी होते.

"हे कोण?"

"आजोबा."

"तुझे आजोबा चक्की चालवायचे."

"आई, एका शब्दाने काय होतं? ते थोडेच उठून तक्रार करणार आहेत?"

"त्यांची लेक उठली आहे."

मग तो चिडला. चिडला की त्याचा आवाज रॅल्फच्या उलट चढत जातो. म्हणाला, "तुला काय माहीत, केंब्रिजला मी खोलीत शिरलो की पोरं टेबलावर बोट फिरवून पीठ पुसल्यासारखं करायची. रोज. मी कधी घरी सांगितलं? परगण्याच्या न्यायासनावर बसलो तर तेच बसतील समोर. वरपर्यंत सरदार आणि आईच्या जागी चक्की! माझ्या कपाळावर लिहून ठेव त्यापेक्षा."

मला त्याची कीव आली. खरंच आली. मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. पण राग कीव येऊनही गेला नाही.

"हे बघ," मी म्हटलं. "तुमचा सरदार खोटा आहे हे मी गिळलं. एक शब्द बोलले नाही, बोलणारही नाही. पण माझा बाप खरा होता. त्याला मी खोटा होऊ देणार नाही. तू 'पाणचक्कीवाला' लिही, मी पितळेबद्दल तोंड उघडत नाही. आहे कबूल?"

तो खिडकीपाशी जाऊन आला. मग म्हणाला, "बरं, दुरुस्त करून घेतो." आणि कागद गुंडाळला.

इतक्या लवकर तो कधी मानत नाही. मोठा झाला असावा.

११ जून

कातरणी चालू आहे. लिहायला वेळ नाही, हाताला लोकरीचा चिकटा. कातर लागून मेंढीला कापलं की तिथे डांबर लावायचं काम रॅल्फचं असायचं, यंदा मी केलं; डांबराच्या भांड्यात लोकरीचे झुबकेच झुबके. जॅस्पर बाह्या मळतील म्हणून कुंपणाबाहेर उभा राहून सूचना देत होता. गडी हसत होते, मी पण हसले.

१७ जून

झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी जास्त शूर होते.

'पांढरा हरिण'च्या वरच्या दालनात आम्हाला बोलावलं. मुख्य कुळतपासनीस वयस्क, सर्दी झालेला, पुढ्यात उकडलेली अंडी. मला वाटलं होतं कोणी करारी माणूस असेल. तो दमलेला होता आणि सभ्य होता. मला बसायला खुर्ची दिली. आमच्या आधीचा गृहस्थ लाल तोंडाने जिना उतरून गेला होता.

लिहिणाऱ्याने झाड उलगडलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. गॉडफ्रे आला, थॉमस आला, एडमंड आला. मधल्या कोऱ्या जागेत जॅस्परने तीन माणसं घातली होती, त्यांची नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. मग रॅल्फ. मग मी.

"डॉर्कस, खानदानी गृहस्थ जोनास टिबट यांची कन्या."

मी जॅस्परकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर कबुतरं मोजत होता.

कुळतपासनीसांनी अंड्याचं कवच बाजूला सारलं, बायबल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बाई, घरात सगळ्यात थोरल्या तुम्ही. यावर हात ठेवून सांगा, हे खरं आहे?"

मी हात ठेवला. "नाही. माझे वडील खानदानी नव्हते. मार्लस्टनला पाणचक्की चालवायचे."

"आई," जॅस्पर पुटपुटला.

कुळतपासनीसांनी नाक पुसलं. "एवढंच? मग त्यात काय बिघडलं? वंश बापाकडून मोजतात. अर्ध्या परगण्याच्या आया चक्कीवाल्यांच्या, कातडीवाल्यांच्या नाहीतर दारूवाल्यांच्या आहेत, आणि परगणा चाललाय." लिहिणाऱ्याला म्हणाले, "खोड ते. 'पाणचक्कीवाला' लिही."

त्याने खोडलं आणि लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत. जोनास टिबट, पाणचक्कीवाला. सोनेरी पानाखाली. जॅस्पर आ वासून बघत होता. एवढ्यासाठी त्याने आयुष्यभर जीव जाळला आणि या माणसाला अंड्याइतकंही त्याचं महत्त्व नव्हतं.

मी जिंकले होते. उठायचं होतं फक्त.

"बाकीचं खरं ना?" त्यांनी विचारलं. सवयीने विचारलं असावं, कारण ते मिठाची वाटी शोधत होते. "हात अजून पुस्तकावरच आहे तुमचा."

जॅस्परने माझ्याकडे पाहिलं. इतक्या काकुळतीने तो लहानपणी गोवर झाला होता तेव्हाच पाहायचा. मला बगळे आठवले, रॅल्फ आठवला. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. पण झाडाकडे पाहिलं तर माझा बाप त्या भाड्याने आणलेल्या माणसांच्या रांगेत उभा होता, वर भंगारातला सरदार, मध्ये तीन भुतं. ज्याने मापात अंगठा बुडवला नाही त्याला मी असल्या पंगतीत बसवलं होतं, आणि तेही भांडून.

"नाही," मी म्हटलं. "सरदार खोटा आहे." आणि पत्र्याच्या पाठीवर कोण झोपलंय ते सांगितलं, साल सांगितलं.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मठाचं पितळ," ते लिहिणाऱ्याला म्हणाले, "या परगण्यातला तिसरा." मग मला म्हणाले, "बाई, मी काही फरशा उचकटत फिरत नाही. हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

त्यांनी लेखणी घेऊन झाडावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली. ती रॅल्फवरून गेली. माझ्या बापावरूनही गेली. शाई अजून ओली होती, 'पाणचक्कीवाला' फरफटला.

१८ जून

जॅस्पर एकच वाक्य बोलला. "हात दाखवून अवलक्षण केलंस, आई." मग कपडे घेऊन हेजबरीला गेला. कुठे उतरलाय सांगितलं नाही.

मी चूक केली का? लिहून पाहिलं तरी कळत नाही. सरदारावरून ऐकलेल्या टोमण्यांचा सूड मी सासूबाईंवर घेतला आणि भोगतोय माझा मुलगा, असंही असेल. टॅम्सिनला विचारलं. ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हून उजाडायचं ऱ्हात न्हाई." पण कोंबडं झाकलेलंच होतं आणि सगळे सुखात झोपले होते.

१९ जून

दगडफोड्या आला. रॅल्फच्या दगडावरचे बगळे त्याने तासले. मी शेजारी उभी राहिले, त्याला म्हटलं, हळू मार. पहिल्याच घावाला चोची गेल्या. रडले. खूप रडले, तो बिचारा छिन्नी खाली ठेवून थांबला. मग मीच म्हटलं, चालू दे. आता तिथे नुसता पांढरा खरबरीत दगड आहे आणि खाली रॅल्फचं नाव. त्याला साधाच हवा होता. मिळाला.

२१ जून

बाजाराचा दिवस. टॅम्सिन दारात आडवी उभी राहिली. "नगा जाऊ. लोक मजा बघायला येत्यात, तुमी कशाला जाता दाखवायला?"

"मी घरात बसले तर त्यांना वाटेल मला लाज वाटते."

"वाटत न्हाई व्हय?"

"वाटते. म्हणूनच जायचंय. बाजूला हो."

काळा चांगला झगा घातला. ती बडबडत मागून आलीच.

चौकात ही गर्दी. दवंडीवाला नॅट दगडी चौथऱ्यावर चढला, हा कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, याच्या घराण्यात कोणी बूट घातले नव्हते आणि आज खानदानी कोण ते हा सांगणार. त्याने घंटा बडवली आणि सुरू केलं. आधी दोन वेगळी नावं. मग, "मार्लस्टनचा जॅस्पर पेंटलो. सोताला खानदानी म्हनवीत हुता, ढाल मिरवीत हुता. त्यो खानदानी न्हाई हो! कुनी त्याला सरदाराचा वंश म्हनू नगा!"

लोक हसले. मिशीला तूप लावून फिरणारा आपटला की लोक हसतातच, मीही हसले असते. तेवढ्यात मला जॅस्पर दिसला. खाटकांच्या दुकानांपाशी, टोपी डोळ्यांवर ओढून उभा. तोही आला होता.

मी गर्दीतून चौथऱ्यापाशी गेले. "नॅट, माझं राहिलं."

"तुमचं काय, बाई?"

"माझं नाव."

"बायकांची नावं नसत्यात दवंडीत. तुमास्नी खानदानी न्हाई म्हनायला तुमी तसं म्हनवलं तरी पायजे."

"मग तेच सांग. मी सांगते तसं ओरड."

तो आजूबाजूला बघायला लागला. अडवायला कोणी अधिकारी नव्हता, आणि मजा वाढत असेल तर नॅटला नको कशाला? तो वाकला, मी त्याच्या कानात सांगितलं. त्याने भुवया चढवल्या, पण सरळ उभा राहिला आणि घंटा वाजवली.

"मार्लस्टनची डॉर्कस पेंटलो! पानचक्कीवाल्या जोनास टिबटची ल्येक! ती खानदानी न्हाई, अन् कंदी म्हनवीत नव्हती हो!"

पुन्हा हसणं उठलं. पुढच्या रांगेतल्या एका रुबाबदार तरुणाने टेबल पुसल्यासारखं हवेत बोट फिरवलं आणि बोटावरचं पीठ फुंकून उडवलं. त्याचे दोस्त खिदळले. माझे कान तापले, पण मी चौथऱ्यापासून हलले नाही.

जॅस्पर गर्दी ढकलत येत होता. टोपी कुठेतरी पडली होती. मला वाटलं, आता हा मला दंडाला धरून घरी ओढत नेणार. तो त्या तरुणापाशी थांबला, त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसं त्याने बोट खाली घेतलं. मग जॅस्पर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि तो राग कुणावर होता ते मला अजून कळलेलं नाही.

"नॅट," तो म्हणाला, "आजोबांचं नाव मागे मासळीवाल्यांपर्यंत पोचलं नाही. पुन्हा ओरड."

नॅटने घंटा उचलली.